भवानीनगरहून एका दिवसाची सहल : उजनीत होडी, कडबनवाडीत चिंकारा... आणि राफ्टिंगचं काय?

भवानीनगर (ता. इंदापूर) : मोबाईलवर सध्या एका दिवसाच्या जंगल सहलीचे व्हिडिओ सगळीकडे फिरतात. उसळत्या नदीत रबरी होडी, दुपारी जंगलात जीप, संध्याकाळी प्राणी. असं काही आपल्याकडे आहे का, आणि असलं तर जायचं कुठं, हा प्रश्न बारामती-इंदापूर पट्ट्यातली पोरं हमखास विचारतात. उत्तर अर्धं हो आणि अर्धं नाही असं आहे. पाणी, पक्षी आणि वन्यप्राणी हे तिन्ही भवानीनगरपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या एका फेरीत एकाच दिवशी बघता येतात. उसळत्या पाण्यातली राफ्टिंग मात्र इथं नाही. त्यासाठी घाट उतरून कोकणात जावं लागतं.

आधी जवळचं बघू.

फेरी कशी लावायची

भवानीनगरहून पहाटे निघून भिगवण, तिथून कुंभारगाव किंवा डिकसळच्या काठावर सूर्य उगवायच्या सुमारास पोचायचं. सकाळी होडी, नंतर जेवण. मग पुणे-सोलापूर महामार्गाने पळसदेववरून इंदापूर. इंदापूरहून परत फिरताना पालखी मार्गाने निमगाव केतकीकडे यायचं आणि दुपारनंतरचा वेळ कडबनवाडीच्या माळासाठी ठेवायचा. अंधार पडला की अंथुर्णे, लासुर्णे, बेलवाडी, सणसर करत घरी. हा रस्ता वारकऱ्यांच्या पायाखालचा. संत तुकाराम महाराजांची पालखी याच वाटेने इंदापूरला जाते आणि बेलवाडीला गोल रिंगण होतं. आता रस्ता रुंद झालाय, त्यामुळे गाडीला अडचण नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. गळीत हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, पहाटे आणि रात्री या रस्त्यांवर ऊस भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात. श्री छत्रपती कारखान्याच्या परिसरातल्या लोकांना हे सांगायची गरज नाही, पण पुण्या-मुंबईचे पाहुणे बरोबर असतील तर गाडी त्यांच्या हातात देऊ नये. मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अंधारात दिसते तोवर फार उशीर झालेला असतो. आणि पक्ष्यांचा खरा हंगाम नेमका तोच असतो.

उजनी : धरण एक, रूपं दोन

भीमा नदीवरचं उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं. भिंत सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात. पण पाणी मागे इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जतपर्यंत पसरलेलं आहे. जलाशयाचं अधिकृत नाव यशवंतसागर. शंभर टक्के भरल्यावर धरणात सुमारे 117 टीएमसी पाणी असतं. त्यातलं जवळपास 63 टीएमसी हा मृतसाठा, आणि वापरायचा म्हणून धरलेला साठा सुमारे 53 टीएमसी. एक टीएमसी म्हणजे साधारण 2,831 कोटी लिटर.

बातम्यांत ‘उजनी उणे’ असं येतं ते या हिशेबामुळे. टक्केवारी धरली जाते ती फक्त वापराच्या साठ्याची. तो संपला की आकडा शून्य, आणि त्याखाली मृतसाठ्यातलं पाणी उचललं की उणे. 2024 च्या उन्हाळ्यात हा आकडा उणे 59 टक्क्यांच्याही खाली गेला होता. धरण कोरडं पडलं असं नव्हे, तरी काठाकाठानं मैलभर गाळ उघडा पडला होता.

सहलीला जाणाऱ्यानं हे लक्षात ठेवायचं कारण असं की, पाणी आणि पक्षी यांचं गणित उलटं आहे. धरण तुडुंब भरलेलं असतं तेव्हा, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरनंतर काही आठवडे, काठाला उथळ पाणी नसतं आणि चिखलात चोच खुपसून खाणारे पक्षी फारसे दिसत नाहीत. पाणी ओसरायला लागलं, पाणथळ उघडी पडली की थवे उतरतात. शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो तेव्हा फोटोवाल्यांची चंगळ असते, असं काठावर म्हटलं तर वावगं ठरणार नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे बदकांचे महिने. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, शिवाय हिमालय ओलांडून येणारा पट्टकदंब. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस. कुरव आणि नदी सुरय होडीभोवती घिरट्या घालतात. मोरघार हा मासे मारणारा शिकारी पक्षी पाण्यातल्या वाळक्या झाडाच्या शेंड्यावर बसलेला दिसतो. धरणात बुडालेली ती झाडं हाच त्याचा ठरलेला पाट. उघड्या चोचीचा बलाक, चमचा, राखी बगळा, शेकाट्या हे तर काठावरूनही दिसतात, होडीची गरज नाही.

आणि रोहित. फ्लेमिंगो म्हणून सगळे ओळखतात, अग्निपंख असंही नाव आहे. हिवाळ्याच्या मध्यापासून येतात आणि पाणी कमी होत जातं तसे पार मे महिन्यापर्यंत थांबतात. त्यांचा गुलाबी रंग जन्माचा नाही, खाण्यातून आलेला. शेवाळ आणि बारीक कोळंबीसारखे जीव ते चोच उलटी धरून गाळून खातात, त्यातलं रंगद्रव्य पिसांत उतरतं. पिल्लू करड्या रंगाचं असतं. यांची मोठी वीण कच्छच्या रणात होते, उजनी हे त्यांचं चरायचं ठिकाण.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. फोटोत उडता थवा छान दिसतो म्हणून होडी मुद्दाम थव्याच्या अंगावर घालायला लावणारे पाहुणे कमी नाहीत. दिवसातून दहा वेळा उठवलेला पक्षी खायचा कधी? थवा एकदा कायमचा हलला की नुकसान कुंभारगाव-डिकसळच्या नावाड्याचंच आहे. चांगला नावाडी लांबवर इंजिन बंद करतो आणि बांबूने होडी हळूहळू पुढं नेतो. तो तसं करत असेल तर त्याला घाई करू नये. करत नसेल तर सांगावं.

होडीत बसण्याआधी

उजनीचं पाणी वरून शांत दिसतं. पण तो काही तळं नव्हे. पसारा इतका मोठा की मध्यावर वाऱ्याला अडवायला काहीच नाही, आणि उन्हाळ्यात दुपारनंतर वावटळ उठली की दहा मिनिटांत लाटा येतात.

30 एप्रिल 2017 रोजी अजोती गावाजवळ होडी उलटून फिरायला आलेल्या चार डॉक्टरांचा मृत्यू झाला. त्यानंतर 21 मे 2024 रोजी संध्याकाळी कुगाव (ता. करमाळा) इथून कळाशीकडे (ता. इंदापूर) निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली. होडीत सात जण होते. एक जण पोहत काठाला लागला, सहा जण बुडाले. त्यात लहान मुलंही होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांना शोधासाठी यावं लागलं. ते लोक सहलीला निघाले नव्हते. पाण्यातून समोरचा काठ जवळ, रस्त्यानं लांबचा वळसा, म्हणून गावोगाव लोक वर्षानुवर्षं होडीनंच जातात. दुर्घटनेनंतर शिरसोडी-कुगाव पुलाची मागणी जोरात पुढं आली आणि पुलाला मंजुरी मिळाली.

दोन्ही घटना एप्रिल-मेच्या. त्यामुळे साधा नियम असा : उन्हाळ्यात होडी फक्त सकाळी. नऊ-दहाच्या आत काठाला परत. दुपारी ढग काळवंडलेले असतील, वळवाची चिन्हं असतील, तर आगाऊ पैसे गेले तरी चालतील पण होडीत बसू नये.

लाइफ जॅकेट मागून घ्यावं आणि ते घालावं. बसायच्या फळीखाली ठेवलेलं जॅकेट होडी उलटल्यावर काही कामाचं नाही. घालताना तीन गोष्टी बघाव्यात. बकल धड लागतात का? आतला फोम दाबला तर फुगलेला लागतो का, की जुन्या गादीसारखा चपटा झालाय? आणि खांद्याला धरून कुणी वर ओढलं तर जॅकेट कानापर्यंत सरकतं का? सरकत असेल तर ते मोठं आहे. मोठ्या माणसाचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर पाण्यात पडल्यावर मूल त्यातून खाली निसटतं. मुलाच्या मापाचं जॅकेट नसेल तर मुलाला काठावर ठेवावं. रडेल थोडा वेळ.

होडी किती माणसांची आहे ते बसण्याआधी विचारावं. प्रवासी नेणाऱ्या यांत्रिक होड्यांची नोंदणी आणि तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. त्यासाठी 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. होडी काठापासून सुटली की उभं राहायचं नाही आणि सगळ्यांनी एका बाजूला झुकून सेल्फी काढायची नाही. अरुंद होडीत तेवढ्यानंही तोल जातो.

दराचं सांगायचं तर तो होडीमागे आहे की माणशी, तासाचा आहे की फेरीचा, हे चढण्याआधीच ठरवून घ्यावं. हंगामात आणि शनिवार-रविवारी दर बदलतो. भांडणं बहुतेक इथंच होतात.

जेवण, देऊळ आणि कचेरीतली चिंच

भिगवणच्या मासळी बाजाराचं नाव दूरवर आहे. काठावरच्या घरगुती जेवणात कटला, रोहू, चिलापी मिळतं. चिलापी हा बाहेरून आलेला मासा. तो इतका वाढला की मूळच्या माशांची जागा त्याने खाल्ली. आता तर अंगावर काटेरी चिलखत असलेला सकर मासाही जाळ्यात येतो. तो कुणी खात नाही आणि जाळी मात्र फाडतो. मच्छीमारांची ही खरी डोकेदुखी आहे.

पाण्याचा वास आणि हिरवा रंग बघून पाहुणे विचारतात, त्यालाही उत्तर आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. जलपर्णी त्यावरच पोसते. त्यामुळे काठावर हातपाय धुणं ठीक, पण पोहायला उतरण्यासारखं हे पाणी नव्हे. गाळात पाय रुततो ती भीती वेगळीच.

महामार्गाच्या कडेला भादलवाडीचा तलाव लागतो. पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर चित्रबलाकांची घरटी असतात. पिवळी लांब चोच आणि पंखाच्या टोकाशी गुलाबी छटा, यावरून हा पक्षी चटकन ओळखता येतो. असाच थाट इंदापूर शहरात तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर बघायला मिळतो. खाली दाखल्यासाठी रांग, वर पिल्लांचा कलकलाट. उन्हाळ्याच्या महिन्यांत सातबारा आणायला गेलात तर मान वर करून बघा, फक्त डोक्यावर रुमाल असू द्या.

पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ धरणात गेलं, गाव रस्त्याच्या कडेला नव्यानं वसलं. पाणी खूप खाली गेलं की हेमाडपंती देऊळ बाहेर पडतं आणि लोक दर्शनाला गर्दी करतात. देऊळ उघडं पडलं याचा अर्थ त्या वर्षी तालुक्यात पाण्याची ओढ आहे, हेही तितकंच खरं.

कडबनवाडीचा माळ

‘जंगल’ म्हटलं की डोळ्यांसमोर गर्द झाडी येते. आपल्या भागाचं जंगल म्हणजे माळ. पाऊस कमी, माती मुरमाड, त्यामुळे इथं निसर्गानेच झाडांऐवजी गवत ठेवलंय. सरकारी कागदावर अशा जमिनीला बरीच वर्षं ‘पडीक’ म्हटलं गेलं आणि मग कुणी खड्डे खणून झाडं लावली, कुणी मुरूम उचलला. वास्तविक या गवतावर एक पूर्ण साखळी जगते. गवतावर चिंकारा आणि ससा, किडे आणि उंदरांवर खोकड, या सगळ्यांवर लांडगा, आणि उरलंसुरलं साफ करायला तरस.

पुणे वन विभागाने इंदापूर तालुक्यात कडबनवाडी आणि बारामती तालुक्यात शिर्सुफळ इथं माळरान सफारी सुरू केली आहे. बुकिंग ऑनलाइन होतं, ठरलेल्या मार्गाने जायचं असतं आणि बरोबर स्थानिक मार्गदर्शक असतो. जाण्याआधी बुकिंग नक्की झालंय का ते बघून घ्यावं. नुसतं जाऊन उभं राहिलं तर परत फिरावं लागेल.

चिंकारा म्हणजे भारतीय कुरंग. अंगानं बारीक, वजन जेमतेम वीस-पंचवीस किलो, रंग वाळल्या गवतासारखा. उभा असला तर नवख्याला दिसत नाही. पळाला की दिसतो, आणि दिसेपर्यंत गेलेला असतो. नरमादी दोघांना शिंगं असतात, मादीची बारीक. गवत-पाल्यातल्या ओलीवर आणि दवावर तो बरेच दिवस पाण्यावाचून काढतो. तरी ऐन उन्हाळ्यात पाणवठा लागतोच आणि तेव्हाच तो रस्ता ओलांडतो, कुत्र्यांच्या तावडीत सापडतो, उघड्या विहिरीत पडतो.

लांडगा दिसणं हे नशीब. त्याला बघायला पुण्या-मुंबईची माणसं पहाटे चारला उठून येतात, आणि ज्या धनगराच्या वाड्यावर तो रात्री येतो तो रात्रभर जागतो. दोन्ही खरं आहे. लांडग्यानं कोकरू नेलं तर पंचनामा करून नुकसानभरपाई मागता येते. वेळ न घालवता वन विभागाला कळवावं लागतं आणि मेलेलं जनावर हलवायचं नसतं. भरपाई हातात पडेपर्यंत हेलपाटे होतात, ही मेंढपाळांची तक्रार जुनी आहे.

लांडग्यापुढचं नवं संकट मात्र बंदूक किंवा विष हे नाही, ते गावाकडून आलंय. माळावर टाकलेल्या कोंबड्यांच्या कचऱ्यावर भटकी कुत्री पोसली जातात आणि माळात शिरतात. ती चिंकाऱ्याची पिल्लं मारतात आणि लांडग्यांना रोग देतात. पुणे जिल्ह्याच्या माळरानांवर लांडगा आणि कुत्रा यांच्या संकरातून झालेली जनावरंही आढळली आहेत. असंच चालत राहिलं तर काही पिढ्यांनंतर अस्सल लांडगा शोधावा लागेल.

माळावर पक्षीही भरपूर. चंडोल, धाविक, पखुर्डी, आणि हिवाळ्यात गवतावरून अगदी खालून तरंगत जाणारे भोवत्या. संध्याकाळी ते गवतातच जमिनीवर मुक्कामाला उतरतात. म्हणून दिवस मावळताना गाडी रस्ता सोडून गवतात घालणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय क्रूरपणाही. चिंकारा आणि लांडगा दोघांनाही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. रात्री जीपचा फोकस मारून सशामागे गाडी पळवणाऱ्यांनी ससाही याच कायद्यात येतो हे लक्षात घ्यावं.

ज्यांना इंदापूरपेक्षा सुपे जवळ पडतं त्यांच्यासाठी मयूरेश्वर अभयारण्य आहे. बारामती तालुक्यातलं हे अभयारण्य 1997 साली जाहीर झालं. क्षेत्र अवघं 5.14 चौरस किलोमीटर, राज्यातल्या सगळ्यात लहान अभयारण्यांपैकी एक. मोरगावच्या गणपतीवरून नाव पडलं. मोरगावचं दर्शन आणि चिंकारा असं दोन्ही अर्ध्या दिवसात होतं.

जखमी जनावर, जाळ्यात अडकलेला पक्षी किंवा उसात बिबट्याचा माग दिसला तर वन विभागाचा 1926 हा नंबर आहे. अपघातासाठी 108, बाकी कशासाठीही 112.

मग राफ्टिंग?

राफ्टिंगला उतार लागतो, आणि उतारावरून दगडांमधून धावणारं पाणी लागतं. उजनीचं पाणी उभं. नीरा नदी तालुक्याच्या दक्षिणेनं वाहते खरी, पण सपाट मुलखातून, आणि जागोजाग कोल्हापुरी बंधारे. पुराच्या वेळी ती जोरात असते म्हणून कुणी ट्यूब टाकून उतरत असेल तर ती राफ्टिंग नव्हे. बंधाऱ्याखाली पाणी गोल फिरतं आणि माणसाला वर येऊ देत नाही. पट्टीचा पोहणाराही तिथं हरतो.

महाराष्ट्रात राफ्टिंगचं नावाजलेलं ठिकाण म्हणजे रायगड जिल्ह्यात कोलाडजवळची कुंडलिका नदी. तिथलं पाणी वर्षभर चालतं, आणि त्यामागची गोष्ट थेट उजनीशी जोडलेली आहे. मुळशी धरण मुळा नदीवर आहे. मुळा पुण्यात मुठेला मिळते, पुढं भीमेला, आणि भीमा उजनीत. पण टाटांच्या मुळशी प्रकल्पात धरणाचं पाणी पूर्वेला न सोडता सह्याद्रीच्या कड्यावरून पश्चिमेला, खाली भिरा इथं टाकून वीज तयार होते. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली 1921 मध्ये मुळशी सत्याग्रह झाला तो याच धरणाविरुद्ध. वीज झाल्यावर ते पाणी कुंडलिकेत सुटतं, आणि त्यावर सकाळी राफ्ट चालतात. म्हणजे कोलाडच्या लाटांवर पोरं जे पाणी अंगावर घेतात ते मुळात भीमा खोऱ्यातलं. हे पाणी परत पूर्वेकडे, उजनीकडे वळवावं अशी मागणी सोलापूर-इंदापूरकडून वरचेवर होते. ती मान्य झाली तर कोलाडच्या राफ्टिंगचं काय होईल, हा प्रश्न तिकडच्या व्यावसायिकांना पडलेला असणारच.

नदीच्या जोराला एक ते सहा अशी श्रेणी असते. कुंडलिका साधारण दोन-तीनच्या घरात, म्हणजे नवशिक्याला झेपेल अशी. अंतर बारा किलोमीटरच्या आसपास. पाणी सुटण्यावर सगळं अवलंबून, त्यामुळे राफ्ट सकाळीच निघते. दुपारी बारा वाजता पोचून काही उपयोग नाही. भवानीनगरहून पुणे आणि ताम्हिणी घाटमार्गे हे अंतर दोनशे किलोमीटरहून जास्त. म्हणून आदल्या दिवशी निघून मुक्काम करणंच शहाणपणाचं. रात्रभर गाडी चालवून सकाळी राफ्टमध्ये बसायचं आणि संध्याकाळी परत घाट चढायचा, हा बेत पोरं आखतात खरी, पण त्यात नदीपेक्षा घाट धोक्याचा ठरतो. ताम्हिणीत मुक्काम झाला तर शेकरू दिसण्याची संधी आहे.

पोहता येत नसलं तरी राफ्टिंग करता येतं, मात्र ते आधी सांगावं. हेल्मेट आणि जॅकेट दोन्ही घालावं लागतं. प्रत्येक राफ्टवर मार्गदर्शक हवा, आणि काठावर किंवा बरोबर बचावाची व्यवस्था काय आहे हे पैसे भरण्याआधी विचारावं. पाण्यात पडलात तर उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. पाय दगडाच्या खाचेत अडकतो आणि प्रवाह माणसाला पुढे ढकलतो. पाठीवर झोपून, पाय पुढे आणि वर ठेवून वाहत जायचं, दोर हातात येईपर्यंत. मुलांसाठी वयाची अट असते, ती फोनवर विचारून मगच गाडीत बसवावं. हृदयाचा त्रास, मणक्याचं दुखणं किंवा गरोदरपण असेल तर काठावर थांबावं.

दारू घेतलेल्याला राफ्टमध्ये बसू देत नाहीत. हाच नियम उजनीच्या होडीला लावायला कुणाची हरकत नसावी.